टाकीवरची जागा

दिवाळी होऊन आठ-पंधरा दिवस उलटले की मलकापुरात सरकीचा वास सुटतो. ज्यांना तो येत नाही त्यांची मला कीव येते. माझ्या सुनेला येत नाही. ती म्हणते, धूळ आहे ती, खिडकी लावा. मी खिडकी लावत नाही. रस्त्यानं कापसाचे ट्रक जातात, वरची ताडपत्री फडफडते, आणि बाभळीच्या काट्यांना, विजेच्या तारांना, कुणाच्या वाळत घातलेल्या सदऱ्याला पांढरे पुंजके लागून राहतात. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांची घरघर सुरू झाली की फळीवरची भांडीसुद्धा बारीक थरथरतात, निदान मला तसं वाटतं. वर्षभर मी बरी असते. या दिवसांत मात्र माझं मन जागेवर नसतं, ते एका खिळखिळ्या मोटारीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसतं.

यंदा त्यात डॉक्टरांची भर पडली. जिना चढताना धाप लागते म्हणून मुलगा दाखवायला घेऊन गेला. डॉक्टर तरुण, हसरा, चांगला वाटला. पण छातीला नळी लावली न लावली आणि म्हणाला, "आजी, वय झालं आता." मला असा राग आला! वय झालं हे मला ठाऊक आहे, ते ऐकायला रिक्षा करून यायची गरज नव्हती. वय तर गेल्या महिन्यातही झालेलंच होतं, तेव्हा धाप नव्हती. आता का लागते, ते सांग की! मुलानं कोपरानं ढोसलं म्हणून गप्प बसले. परत येताना मात्र रिक्षात आमची मोटार तपासणारे करीम मिस्त्री आठवले आणि एकटीच हसत राहिले. मुलाला वाटलं, आईचं डोकंही चाललं.

मोटार आमच्याकडे आली तीच मुळी दोन घरं फिरून. आधी अकोल्याच्या कुणा साहेबाकडे होती, मग खामगावच्या एका कापूस-दलालाकडे, आणि मग जळगाव जामोदला आमच्या दारात. मैल दाखवणारा काटा कधीच एका जागी मरून पडला होता, त्यामुळे ती किती फिरली होती ते तिचं तिलाच ठाऊक. वर कॅनव्हासचा टप, आत चार सिलिंडरचं इंजिन, आणि सुरू करायला पुढून हँडल मारायचं. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली होती. पेट्रोल किती उरलं हे पाहायचं तर सीटवरच्या माणसानं उठायचं, गादी उचलायची, टाकीचं झाकण फिरवून काढायचं आणि आत वेळूची काडी बुडवून ती कुठवर ओली झाली ते बघायचं. त्या सीटवर मी बसत असे. म्हणजे उठण्याचं काम माझं.

आता एवढ्या वर्षांपूर्वी, तेही जळगावात, एक लेकीसुनांतली बाई मोटारीत पुढं कशी काय बसत होती, हा प्रश्न रास्त आहे. आमचे हे, म्हणजे वासुदेवराव (या वयात नाव घेतलं म्हणून मला कोण अडवणार आहे), जळगाव ते मलकापूर स्टेशन अशी मोटार चालवत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, मोठ्या माणसांची कामं नागपुरात असत. बायांचं सगळं जाणंयेणं मात्र माहेर आणि सासर यांच्यामधल्या वाटेवरचं, आणि ते छकड्यातून. परक्या पुरुषाच्या मोटारीत आपल्या सुना-लेकी कोण बसवणार? देशमुखांकडच्या बसत नसत. तांबोळ्यांकडच्या बुरख्यातल्या बाया तर नाहीच नाही. एक दिवस ह्यांनी मला सांगितलं, "तू बसून पाह्य समोर. मोटारीत बाई दिसली तं बाया बसतील."

आणि बसल्या! आठवड्याभरात मागची सीट बायांची झाली. सासूबाईंनी दोन दिवस तोंड फुगवलं, "घरंदाज बाई अशी मोटारीत मिरवते काय" असं भिंतीला ऐकवलं. तिसऱ्या दिवशी त्याच मोटारीतून त्या स्वतः वरवट बकालला भावाकडे जाऊन आल्या, आणि तो विषय तिथंच मिटला. गाव मला मोटारवाली म्हणू लागलं. मी वरवर रागवायची. आतून मला ते फार आवडायचं, आज कबूल करायला काय हरकत आहे?

कारण त्या सीटवरून जे दिसायचं ते मला आधी कुणी दाखवलंच नव्हतं. मलकापूरहून परतताना समोर सातपुडा निळा पसरलेला असे, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी शेतं. वेचणी लागली की बायांच्या रांगा कमरेला ओटी बांधून पुढं सरकत जायच्या. कुठं पहिल्या वेचणीची सीतादही, म्हणजे पिकाला दहीभाताचा नैवेद्य, चाललेली असे, तेव्हा शेताच्या धुऱ्यावरून कुणी ओळखीची दहीभाताचा द्रोण उंच करून आम्हाला थांबवायची. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची. बैल मोटारीला बुजायचे, गाडीवान तोंडभर शिवी हासडायला तोंड उघडायचे आणि पुढं बाई बसलेली पाहून ती शिवी तशीच गिळायचे. गिळताना त्यांचा चेहरा पाहायला मजा यायची. थंडी अंगाला लागायची, फडक्यात बांधलेली कळण्याची भाकर आणि ठेचा मांडीवर असायचा, आणि सगळ्यात वर तो पेट्रोलचा वास.

त्या वासानंच घोटाळा केला. महायुद्धाचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि तेही हात आखडून. "पेट्रोल उघडं राह्यलं का उडून जाते," असं ह्यांनी मला केव्हातरी सांगितलं होतं, आणि माझ्या सीटखालून तर दिवसभर वास यायचा. माझं डोकं दुखायचं ते वेगळंच. एकदा गादी उचलली असताना मी झाकण नीट पाहिलं. मधोमध सुई जाईल एवढं भोक! मला वाटलं, म्हाताऱ्या मोटारीचं झाकण, झिजून पडलं असेल. माझं माहेर नांदुऱ्याचं, आईच्या हाताखाली वाढलेली मी. कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपायचं, लोणच्याच्या बरणीला दादरा आवळून बांधायचा, तुपाच्या गडव्यावर झाकण, झाकणावर वजन. उघडं तोंड म्हणजे नासाडी, एवढंच मला शिकवलेलं. कुंकवाच्या डबीत मेण असायचंच, कपाळाला आधी मेणाचं बोट आणि त्यावर कुंकू, अशी तेव्हाची रीत. त्या मेणाची बारीक गोळी करून मी ते भोक गच्च बुजवून टाकलं.

ह्यांना सांगितलं नाही. घाबरून नव्हे. महिनाअखेर कुपन उरेल, हे चकित होतील, आणि मग ऐटीत सांगू, असा बेत होता. वाफेनं मेण सैल व्हायचं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी, कुणी पाहत नाहीसं बघून, मी ताजी गोळी भरायची. तुम्ही शहाणे असाल तर पुढचं सगळं आत्ताच ओळखलं असेल. आम्हाला महिना लागला.

मोटार आचके द्यायला लागली. घरून निघताना झकास चालायची, दोन-तीन मैल गेली की इंजिन खोकायचं, थडथडायचं, एखादा फटाका वाजवायचं आणि गप्प. मागच्या बाया एकमेकींच्या अंगावर. हे खाली उतरायचे. आधी मला उठवून टाकी पाहायचे, कारण कुपनाच्या दिवसांत पहिली शंका पेट्रोल संपल्याचीच. काडी ओली निघायची. झाकण लावायचं, आणि मग दुसरं काहीतरी करायचं. कधी प्लग काढून घासायचे, कधी वायरी आवळायचे, कधी रेडिएटरवर पाणी ओतायचे. हँडल मारलं की इंजिन सुरू! हे खूश. पुन्हा तीन मैलांवर तेच.

मग सगळ्यांना मोटारीतलं कळायला लागलं. आमचा पूर्णेकाठचा मुलूख खाऱ्या पाण्याचा, तेव्हा खारं पाणी रेडिएटरला बाधलं, असं निम्म्या जळगावचं मत पडलं. म्हणून मी लांबच्या विहिरीचं गोडं पाणी तिच्यासाठी डब्यात घेऊ लागले. घरात आम्ही खारं पीत होतो आणि मोटार गोडं पीत होती. कापसाचे तंतू आत गेले, असंही एक मत होतं. देशमुखीण काकू, मागच्या सीटच्या कायमच्या मालकीण, त्यांनी एकदा भर रस्त्यात लिंबू काढलं. "नजर लागली व माय मोटारले," म्हणाल्या, आणि बंद मोटारीवरून लिंबू उतरवून शेतात फेकलं. मोटार चालू झाली. काकूंनी ते पुढं कितीतरी महिने गावभर सांगितलं.

आज विचार करते तेव्हा याचंच मला जास्त नवल वाटतं. एकही उपाय फसला नाही. प्लग घासला, चालली. गोडं पाणी घातलं, चालली. लिंबू उतरवलं, तरी चालली. सगळ्या उपायांच्या आधी एक गोष्ट न चुकता होत होती, गादी उचलून झाकण उघडलं जात होतं, आणि तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, कारण ते उपाय म्हणून नव्हतंच. पुढं आयुष्यात कुणी "मला अमक्यानं गुण आला" असं सांगितलं की मी मान डोलावते. मनात मात्र विचारते, त्याआधी तू आणखी काय केलं होतंस?

ह्यांचे हाल बघवत नव्हते. नखं काळी पडली, सायलेन्सरला लागून मनगट भाजलं, जेवताना घास हातातच राहायचा. सवाऱ्या कमी होऊ लागल्या. आणि अशात सुपडाजी आले. वरवट बकालचे, पिठाच्या गिरणीचे मालक, माणूस वाईट नव्हे. ओट्यावर बसून म्हणाले, "वासुदेवभाऊ, काऊन तिच्यात जीव घालून राह्यले? बुढी झाली ते. इंजिन मले द्या, गिरणीले लावतो. येत्या बुधवारी चार बैलं घेऊन येतो, ओढत नेतो." हे म्हणाले, "बुधवारपर्यंत सुधरली नाही तं घेऊन जा."

मी दाराआड उभी होते.  मोटार गेली असती तर हे भावाच्या शेतीत परतले असते, त्यांचं पोट काही अडलं नसतं. माझी मात्र ती जागा गेली असती. पुन्हा चूल, पुन्हा परसातली विहीर, आणि सातपुडा दिसायचा तो धाब्यावर वाळवण घालताना जेवढा दिसेल तेवढाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवाला हात जोडले आणि जरा जास्तच मनापासून टाकीच्या झाकणात ताजं मेण भरलं. निदान पेट्रोल तरी वाया जाऊ नये म्हणून!

करीम मिस्त्री मलकापूरच्या एका जिनात फिटर होते. पांढरी दाढी, कानामागं पेन्सिल, आणि बोलणं वऱ्हाडीत अर्धं उर्दू मिसळलेलं. हंगामात त्यांना मान वर करायला फुरसत नसे. बाजाराच्या दिवशी जिन बंद असायचं, बुधवारच्या आधीची तेवढी एक दुपार त्यांनी आम्हाला दिली. स्टेशनच्या अलीकडं कडुलिंबाखाली मोटार उभी केली. ह्यांनी सांगायला सुरुवात केली की खाऱ्या पाण्यानं असं होतंय आणि इंजिनच मुळात झिजलंय.

मिस्त्रींनी हात वर केला. "भाऊ, तुमी तुमचं मत सांगून राह्यले. मले मत नको. काय होते तेवढं सांगा."

हे जरा चिडलेच. मग मिस्त्री माझ्याकडे वळले. "बेटी, तू समोर बसतेस. तू सांग. कवा अडते? सकाळी, दुपारी, चढावर?"

मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. मी आठवून आठवून सांगितलं, चढाचा संबंध नाही, उन्हाचाही नाही. पण टाकी भरलेली असली की मैलभरातच, गावाबाहेरच्या आमराईपाशी अडते, आणि पेट्रोल कमी असलं की चांगली चार-पाच मैल जाते. "भरल्या पोटी लवकर थकते," मी म्हणाले. हे हसले. मिस्त्री हसले नाहीत. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी ती उगाच बोटांत फिरवली.

मग त्यांनी इंजिन तपासलं, आणि ते तपासणं मी जन्मभर विसरणार नाही. हँडल सावकाश फिरवून प्रत्येक सिलिंडरचा जोर हाताला कसा लागतो ते पाहिलं. तिसरा जरा ढिला लागला. इंजिन चालू करून एकेका प्लगची वीज तोडून पाहिली. मग एक लाकडी दांडा घेतला, त्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटून ऐकत राहिले. कुठं टकटक, कुठं खरखर, ते सगळं बोटांवर मोजलं. म्हणाले, "तिसरं घर ढिलं हाये. बेअरिंग वाजते. तेल बी खाते. हे सारं बुढापा हाये, भाऊ. पर बुढापा असा तीन मैलावर येऊन परत जात नाई. बुढापा वेगळा, बिमारी वेगळी. मले बिमारी पाह्यजे."

त्या हसऱ्या डॉक्टराला मला हेच सांगायचं होतं.

टाकी भरून घेतली आणि आम्ही तिघं निघालो. हे गाडी चालवत होते, मी नेहमीच्या जागी, मिस्त्री मागं. रस्त्यावर कापसाच्या गाड्या एकामागं एक. मैलभर गेलो नाही तोच आचके, फटाका, आणि बंद. सवयीनं हे उतरून माझ्या बाजूला आले, मी सवयीनं उठू लागले.

"थांबा!" मिस्त्री असे ओरडले की शेजारच्या गाडीचे बैल थबकले. "कोनी हात लावायचा नाई. बस बेटी, बसून राह्य."

ह्यांचे हात शिवशिवत होते, ते त्यांनी पाठीमागं बांधले. मिस्त्री सावकाश उतरले. एक प्लग काढून ठिणगी पाहिली, ठिणगी पडत होती. तो जिथल्या तिथं बसवला. मग खाली वाकून कार्बोरेटरला येणारी नळी सोडवली. भरल्या टाकीखालची नळी, भळभळ वाहायला हवी होती. थेंब आला, थांबला. पुन्हा एक थेंब. मिस्त्री तसेच वाकलेले राहिले आणि मला म्हणाले, "आता उठ बेटी. गादी काढ. झाकन धीरे धीरे फिरव. एकदम नाई."

मी झाकण फिरवलं. आतून आवाज आला, स्स्स, लांबच लांब. कुणी बराच वेळ कोंडलेल्या माणसानं श्वास ओढावा तसा. आणि खाली नळीतून पेट्रोलची धार लागली.

 मला सगळं कळलं. कळायला नको होतं इतकं लख्ख कळलं.

मिस्त्रींनी नळी जोडली, झाकण हातात घेतलं, उन्हाकडे धरलं. "पिन हाये काय बेटी?" माझ्या बांगडीला सेफ्टी पिन अडकवलेली असायची, ती मी दिली. त्यांनी भोक कोरलं. पिनेच्या टोकावर मेण आलं, आणि मेणात लाल रंग. त्यांनी ते बोटावर घेतलं, बोट जरा नाकाशी नेलं, आणि मग वर पाहिलं, सरळ माझ्या कपाळाकडे. मी पदर कपाळावर ओढला. त्यांनी बोट शांतपणे धोतराच्या चिंधीला पुसलं.

"काय होतं?" ह्यांनी विचारलं.

"भोक बुजलं होतं," मिस्त्री म्हणाले. "ह्या झाकनाले भोक असतेच, भाऊ. पेट्रोल खाली जाते तं वरून हवा पाह्यजे. भरली टाकी, आत हवा कमी, म्हनून लवकर अडते. तुमच्या घरच्या बाईनं बराबर सांगतलं." आणि पिन माझ्या हातात ठेवून एवढंच बोलले, "इंजिन बुढं हाये. पर मरायचं नाई आताच."

मोटार मिस्त्रींना सोडायला परत वळली ती गाणं म्हणत असल्यासारखी. टकटक होती, खरखर होती, तिसरा सिलिंडर ढिलाच होता, पण आचका एक नाही. स्टेशनवर सवाऱ्या घेतल्या. देशमुखीण काकू मुलीकडून परतत होत्या, त्या होत्या, आणखी तिघी होत्या. हे इतके आनंदात होते की हँडल मारतानाही स्वतःशी बोलत होते. "सुपडाजीले निरोप धाडा लागन," म्हणाले, "बैलं आनू नका म्हना."

 मिस्त्रींनी माझी लाज झाकली होती, ती तशीच झाकून ठेवणं सोपं होतं. नवीन मेण भरायचं नाही, की झालं. कुणाला कधी कळलं नसतं. पण गाव मागं पडल्यावर हे म्हणाले, "माह्याच हातचं ग्रीस लागलं असन व झाकनाले. महिनाभर साऱ्यांले तरास झाला माह्यापायी. तुले बी."

ते मनगट माझ्या समोर होतं, सुकत आलेला भाजल्याचा डाग असलेलं. मला माझीच लाज वाटली.

"ग्रीस नव्हतं ते," मी म्हणाले. मागच्यांना ऐकू जाऊ नये इतकं हळू, आणि ह्यांना इंजिनाच्या आवाजात ऐकू यावं इतकं मोठ्यानं, हे साधताना माझा आवाज भलताच निघाला. "मेण होतं. मी बुजवलं होतं. पेट्रोल उडते म्हणून."

"मेन?"

"हो."

"कुकवाचं?"

"हो."

हे तसेच रस्त्याकडे पाहत गाडी चालवत राहिले. चेहरा वाचता येत नव्हता. मीही पुढं बघत राहिले. दोन्हीकडे तीच पांढरी शेतं, तीच वेचणारी माणसं, पण त्या दिवशी मी ती नीट पाहून घेतली, उद्यापासून दिसणार नाहीत अशा हिशेबानं. ह्यांनी "घरी राह्य आता" म्हटलं असतं तर मला एक शब्द बोलायला जागा नव्हती. महिनाभराची मेहनत, भाजलेला हात, गेलेल्या सवाऱ्या, सगळं माझ्या एका बोटानं केलेलं. सहा-सात मैल आम्ही असेच गेलो. मागं काकू कुणाला तरी लिंबाची गोष्ट सांगत होत्या.

पूर्णेच्या उताराला मोटार थांबली. पाणी गुडघ्याइतकंच होतं, पण खाली वाळू, आणि भरलेली मोटार वाळूत रुतायची. म्हणून तिथं सगळ्यांनी उतरायचं, मोटार रिकामी पलीकडे न्यायची आणि बायांनी लुगडी सावरत पाण्यातून चालत जायचं, असा रिवाज होता. मागच्या बाया उतरल्या. काकूंनी चपला हातात घेतल्या. मीही रोजच्यासारखा पायरीवर पाय ठेवला. मनाशी ठरवलं होतं, पलीकडे गेल्यावर ह्यांनी मागं बस म्हटलं तर मागं बसायचं.

"कुठी चालली?" हे म्हणाले.

"उतरते."

"पाशिंजर उतरतात." ते माझ्याकडे नाही, समोर पाण्याकडे पाहत होते. "तू बस. मधात बंद पडली तं टाकी कोन पाह्यल?"

मी बसले. मोटार उतारावरून हळूहळू पाण्यात शिरली, फळ्यांच्या फटींतून नदी आत आली आणि माझे पाय घोट्यापर्यंत भिजले. पाणी गार होतं. मी पाय वर घेतले नाहीत.